लेक फोर्कसाठी पहिली बोट: अ‍ॅल्युमिनियम की फायबरग्लास?

प्रश्न: डॅलसला राहतो. बास मासे पकडायला पहिली बोट घेतोय. फायबरग्लासची नायट्रो झेड१८ मनात भरलीय, पण बायको म्हणते, ट्रॅकर कंपनीची अ‍ॅल्युमिनियमची बघ, स्वस्तात पडेल. बहुतेक शनिवारी लेक फोर्क तलावावरच असतो. काय घेऊ?

उत्तर १: वहिनींचं ऐका! फोर्कमध्ये पाण्याखाली जुन्या झाडांची खोडं जिकडेतिकडे. माझ्या फायबरग्लासला पहिल्याच महिन्यात हातभर ओरखडा. जेलकोटचं (वरच्या चकचकीत थराच्या दुरुस्तीचं) बिल बघून डोळे पांढरे झाले. अ‍ॅल्युमिनियमला पोचा पडतो, बस्स.

उत्तर २: पोचा ठीक, पण वारा सुटला की हलकी बोट पानासारखी भरकटते. ट्रोलिंग मोटर (मासे पकडताना बोट हळू चालवणारी छोटी विजेची मोटर) २४ व्होल्टची घ्या, १२ व्होल्टच्या बॅटऱ्या दोन लागतील. आणि गॅरेज आधी मोजा, ट्रेलरचा गाडीला जोडायचा पुढचा दांडा धरून. मी दांडा विसरलो. बोट वर्षभर ड्राइव्हवेवर.

प्रश्नकर्ता: मोजलं. झेड१८ सहा इंच बाहेर. बायको हसतेय.