ग्योटिंगेनला फिजिक्स मास्टर्स : तिकडचं कुणी आहे का? सल्ला हवाय

सांगलीची_सई
नमस्कार मंडळी. जर्मनीतल्या ग्योटिंगेन विद्यापीठाचं एमएस्सी फिजिक्सचं ॲडमिशन लेटर आलंय, एपीएस सर्टिफिकेट (आपली कागदपत्रं तपासल्याचं) हातात आहे, ऑक्टोबरपासून विंटर सेमिस्टर. घरात सगळे खूश पण बाबांचं एकच पालुपद, म्युनिक ऐकलंय, बर्लिन ऐकलंय, हे कुठलं खेडं काढलंस. माझा कल सोलर फिजिक्स किंवा बायोफिजिक्सकडे आहे. रिसर्च ग्रुपमध्ये शिरकाव कसा करायचा, खोली कशी शोधायची, आणि अभ्यास सोडून तिथे काही घडतं का की संध्याकाळी सातला सामसूम? जर्मन ए१ (अगदी पहिली पायरी) झालंय, ते पण रडतखडत. जे सुचेल ते लिहा प्लीज.

नॉर्डकॅम्पसवाला
अभिनंदन सई! पीएचडी तिथेच केली त्यामुळे थोडा पक्षपाती आहे हे आधीच सांगतो. बाबांना सांग की हे खेडं नाही, सव्वा लाखाच्या आसपास वस्ती आणि त्यात वीस हजारांवर विद्यार्थी, म्हणजे रस्त्यात दर पाच-सहा माणसांमागे एक विद्यार्थी. गाऊस, रीमान, हिल्बर्ट, एमी न्योटर, माक्स बोर्न, गणित-फिजिक्समधली ही मोठी नावं सगळी इथलीच. १९३३ मध्ये नाझींनी बोर्न, न्योटर, कूरांट यांना पदावरून काढलं आणि ते वैभव काही महिन्यांत ओसरलं, तोही इतिहास इथलाच. पण नुसत्या जुन्या नावांवर जाऊ नकोस, आजचं बघ. तुला सोलर फिजिक्स करायचंय ना, मग माक्स प्लांकची सोलर सिस्टिमवाली इन्स्टिट्यूट २०१४ पासून फिजिक्सच्या बिल्डिंगला खेटूनच आहे, लेक्चर संपलं की चालत जा. बायोफिजिक्सवाल्यांना फासबेर्गची माक्स प्लांक, स्टेफान हेल तिथलेच, २०१४ चं केमिस्ट्रीचं नोबेल.

आता शिरकाव. पहिलं वर्ष कोर्सेस, दुसरं वर्ष जवळजवळ पूर्ण रिसर्च आणि थीसिस. पोरं काय करतात, दुसऱ्या सेमिस्टरच्या शेवटी जागी होतात आणि एकदम दहा प्रोफेसरांना एकच मेल ठोकतात. तसं नको. पहिल्या नोव्हेंबरपासून आवडत्या ग्रुपच्या सेमिनारला मागे जाऊन बस, कळो न कळो, आणि तिथल्या पीएचडीच्या पोरांशी कॉफीवर बोल. ग्रुपमध्ये जागा कधी होणार, कोण सोडून चाललंय, बॉस कसा आहे हे त्यांनाच माहीत असतं, वेबसाईटवर नाही. तिथूनच हीवीचं काम पण मिळतं, म्हणजे स्टुडंट असिस्टंट, ट्युटोरियलचे पेपर तपासणे, डेटा साफ करणे असलं. नियमाप्रमाणे विद्यापीठाबाहेरचं काम वर्षाला १४० पूर्ण दिवस चालतं, पण पहिल्या सेमिस्टरला हात आखडताच ठेव.

अजून एक, टाईमटेबलात १० सी.टी. लिहिलेलं असेल तर लेक्चर सव्वादहाला. आणि लेक्चर संपल्यावर टाळ्या नसतात, सगळे बोटांच्या पेरांनी बाकावर टकटक करतात. पहिल्यांदा मला वाटलं प्रोफेसरचं काहीतरी चुकलं म्हणून पोरं हुर्यो उडवतायत 😄

पुणेरी_पगारदार
सगळं छान छान चाललंय म्हणून थोडं विरजण घालतो, राग मानू नका. मास्टर्सनंतर नोकरी करायची असेल तर म्युनिक किंवा श्टुटगार्टच्या बाजूला असणं वेगळं पडतं, इंटर्नशिप दारात मिळते. ग्योटिंगेनला मेझरिंग इन्स्ट्रुमेंट्सच्या कंपन्या आहेत, सार्टोरियस आहे, पण बाकी मोठी इंडस्ट्री नाही, आणि तिथे पण जर्मन बी२ शिवाय फारसं कुणी विचारत नाही. कोर्स इंग्लिशमध्ये आहे म्हणून लोक भाषेकडे दुर्लक्ष करतात आणि दोन वर्षांनी ए२ वरच असतात. पीएचडी करायची असेल तर मात्र डोळे झाकून जा, त्याबाबत वादच नाही.

नॉर्डकॅम्पसवाला
@पुणेरी_पगारदार भाषेचं १०० टक्के पटलं. पण म्युनिकचं भाडं कोण भरणार काका? ब्लॉक्ड अकाउंटला (व्हिसासाठी वर्षाचा खर्च आधीच भरून ठेवायचं खातं) ११,९०४ युरो ठेवायचे, म्हणजे महिन्याला ९९२. त्यात म्युनिकला खोली आणि जेवण झालं की महिना संपला. आणि आयसीईचं, म्हणजे फास्ट ट्रेनचं, स्टेशन गावातच आहे, फ्रँकफर्ट साधारण दोन तास, इंटर्नशिपला कुणी अडवलं नाहीये.

वीकएंड_आई
खोलीबद्दल मी लिहिते, माझी मुलगी गेल्या वर्षी गेली तिथे (फिजिक्स नाही, ॲग्रीकल्चर). सई, आज रात्रीच श्टुडिएरेंडनवेर्कच्या होस्टेलचा फॉर्म भर, उद्या नाही. ऑक्टोबरला सगळं गाव एकदम खोल्या शोधत असतं. होस्टेल नाही मिळालं तर शेअर फ्लॅट, ज्याला ते वेगे म्हणतात, तिथे राहणारी मुलं व्हिडिओ कॉलवर तुझा इंटरव्ह्यू घेतात, अगदी कांदेपोहेच म्हण ना. स्वयंपाक काय करतेस, भांडी लगेच घासतेस का, रात्री किती वाजता झोपतेस. खरं सांगायचं. भाडं विचारताना वार्म की काल्ट ते आधी विचार, काल्ट म्हणजे हीटिंगचा खर्च वेगळा. खोली न बघता, काँट्रॅक्ट न बघता डिपॉझिट पाठवायचं नाही, मालक कितीही गोड बोलला, पासपोर्टचा फोटो पाठवला तरी नाही. आणि घरमालकाकडून राहत असल्याचं सही केलेलं पत्र मिळतं का हे नक्की विचार, ते नसेल तर पत्त्याची नोंदणी होत नाही आणि तिथून पुढची सगळी कामं लटकतात.

पोथीनिष्ठ
फिजिक्समधलं मला ओ की ठो कळत नाही पण बाबांसाठी एक मुद्दा देतो. फ्रान्झ कीलहॉर्न, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १८६६ ते १८८१ संस्कृतचे प्राध्यापक, ते इथून गेले ते थेट ग्योटिंगेनलाच, आणि शेवटपर्यंत तिथेच शिकवलं. पतंजलीच्या महाभाष्याची त्यांची आवृत्ती आजही आधाराला घेतात, नंतर काशिनाथ वासुदेव अभ्यंकरांनी ती सुधारून भांडारकर संस्थेतून काढली. आणि खुद्द रा. गो. भांडारकरांना १८८५ साली मानद डॉक्टरेट दिली ती ह्याच विद्यापीठाने. तेव्हा सांगली-पुण्याकडच्या माणसाला हे गाव परकं नाही म्हणावं. आधुनिक भारताच्या अभ्यासाचं वेगळं केंद्र पण आहे तिथे, व्याख्यानं होत असतात, फिजिक्सवाल्यांना आत सोडतात 🙂

गूजलीजल
सामसूमवाल्या प्रश्नाला कुणी हातच घातला नाही! ऐक. सुरुवातीलाच ओ-फाझे असते, ओरिएंटेशनचा आठवडा, चित्रविचित्र कपडे घातलेल्या नव्या पोरांच्या टोळ्या गावभर फिरत असतात. लाजून खोलीत बसू नकोस, ह्या आठवड्यात जे ओळखीचे होतात तेच पुढे होमवर्क पार्टनर होतात. स्टुडंट कार्डवर कल्चर तिकीट असतं, डॉइचेस थिएटरला उरलेल्या सीटवर फुकट बसायला मिळतं, जर्मन समजत नसलं तरी जा, कान तयार होतो. युनिव्हर्सिटीचं स्पोर्ट्स सेंटर अफाट आहे, क्लाइंबिंगपासून सगळं. मोठ्या लेक्चर हॉलमध्ये युनिकिनो, म्हणजे सिनेमा, आणि पब्लिक गप्प बसत नाही, आपल्या सिंगल स्क्रीनची आठवण येईल. शरदात लिटरातूरहेर्ब्स्ट, म्हणजे साहित्य महोत्सव. स्टेशनजवळ फोरम विसेन हे विद्यापीठाचं म्युझियम २०२२ ला उघडलं, पहिल्या रविवारी तिथेच जा.

पण खरी मजा डॉक्टरेटची. जुन्या टाऊन हॉलसमोर कारंजं आहे, त्यावर हंस घेतलेली मुलगी, गेन्झेलीझल, १९०१ पासून. (मूळ पुतळा म्युझियममध्ये, बाहेर आहे ती प्रतिकृती.) डिफेन्स, म्हणजे पीएचडीची तोंडी परीक्षा, झाला की लॅबवाले त्या माणसाला सजवलेल्या हातगाडीत बसवून गावातून ओढत आणतात, मग तो कारंज्यावर चढून तिला फुलं देतो आणि गालावर पापी. १९२६ मध्ये नगरपालिकेने बंदी घातली होती, कुणी ऐकलं नाही. आणि टोपी! लॅबमधली मंडळी पुठ्ठ्याची डॉक्टर टोपी बनवतात, त्यावर त्या माणसाची सगळी कुंडली. माझ्या मैत्रिणीच्या टोपीवर तिचा बिघडलेला लेसर होता, एलईडी लावून, एक छोटा डोसा, तिने थीसिसमध्ये चारदा बदललेलं शीर्षक, आणि बटण दाबलं की तिच्या गाइडच्या आवाजात "अजून एकदा मेझर कर". आठ जणांनी तीन रात्री लॅबमध्ये बसून गुपचूप केली, फेविकॉल मी भारतातून नेलेला. फेब्रुवारीत डिफेन्स होता, पाऊस, चार अंश, आणि ही बया साडीवर जॅकेट घालून कारंज्यावर. सामसूम म्हणे!

पुणेरी_पगारदार
हे वाचून मला पण पीएचडी करावीशी वाटायला लागली च्यायला.

सांगलीची_सई
बापरे, किती लिहिलंत सगळ्यांनी, खूप थँक्यू! होस्टेलचा फॉर्म भरला @वीकएंड_आई काकू, आत्ताच. भांडारकरांचं बाबांना वाचून दाखवलं, ते म्हणाले "मग आधी नाही का सांगायचं", जसं काय मला माहीत होतं 😅 जर्मनचा ए२ चा क्लास सोमवारपासून लावतेय. शेवटचा प्रश्न, कुकर नेऊ का? आई दोन न्यायला सांगतेय.

वीकएंड_आई
एकच ने, तीन लिटरचा, आणि रबरी रिंगा तीन-चार जास्तीच्या. शेगडी बहुतेक सपाट इलेक्ट्रिक असते, त्यामुळे इंडक्शन बेसवालाच घे, साध्या ॲल्युमिनियमचा नको, बुड सपाट पाहिजे. डाळ-तांदूळ नेऊ नकोस, तिथे मिळतात. गोडा मसाला मात्र ने, भरपूर.

नॉर्डकॅम्पसवाला
आणि फ्लॅटमधल्या पोरांना शिट्टीची आधी कल्पना दे. आमच्याकडे पहिल्या शिट्टीला एक जण खोलीतून पळत बाहेर आला होता.