स्किमॅटिकमधे (सर्किटच्या आकृतीत) पार्टना नंबर आपोआप द्यायचेत, पण लेआउट (बोर्डावरची पार्टची मांडणी) झाल्यावर परत सगळे बदलले तर चालतं का?

आर_प्रश्नचिन्ह
कीकॅडमधे (सर्किट बोर्ड डिझाइन करायचं सॉफ्टवेअर) बोर्ड करतोय, तीन शीट आहेत. सुरुवातीला सगळं आर? सी? यू? (रेझिस्टर, कपॅसिटर, आयसी) असंच ठेवलं आणि शेवटी अ‍ॅनोटेट मारलं (आपोआप नंबर देणारी कमांड), वरून खाली मस्त नंबर पडले, लेआउट पण जवळपास झालंय. आता पहिल्या शीटवर सप्लायमधे दोन रेझिस्टर वाढवायचेत, ते होणार आर८७ आर८८ आणि बसणार आर३ आर४ च्या मधे, बघायला कसंतरीच वाटतं. म्हणून सगळे पुसून नव्याने द्यावेत का? की पायथनमधे छोटी स्क्रिप्ट लिहून थेट फाइलमधेच बदलू, फाइल तर साधी टेक्स्टच दिसतेय. लेआउट उडणार नाही ना, एवढंच विचारायचंय.

सोल्डरधूर
लेआउट उडत नाही. स्किमॅटिकमधला सिंबॉल आणि बोर्डावरचा फूटप्रिंट (पार्ट सोल्डर करायच्या जागेचा आराखडा) आतल्या एका आयडीने जोडलेले असतात, नंबरने नाही, त्यामुळे आर३ चा आर५ झाला तरी फूटप्रिंट जागेवरच राहतो, फक्त सिल्कस्क्रीनवरचं (बोर्डावर छापलेलं) नाव बदलतं. पण बोर्ड अपडेट करताना त्या खिडकीत रेफरन्स बघून परत लिंक करायचा एक चेकबॉक्स असतो, तो नंबर बदलल्यावर चुकूनही टिक करू नको. केलास तर जुन्या आर३ च्या जागेवर आता ज्याचं नाव आर३ आहे तो येऊन बसतो, मग १० के च्या जागी १०० ओहम आणि ट्रॅक (बोर्डावरच्या तांब्याच्या जोडण्या) भलतीकडेच.

तरी मी म्हणतो बदलूच नको. आर३ हे त्या पार्टचं नाव समज, शेजारी कोण राहायला आलं म्हणून कोणी नाव बदलत नाही. अ‍ॅनोटेटमधे जुने तसेच ठेवायचा पर्याय आहे, तो ठेवला की फक्त प्रश्नचिन्हवाल्यांना नंबर मिळतात.

ट्रेसवाकडा
+१. आणि पुढच्या प्रोजेक्टला शीटप्रमाणे नंबर दे, त्याच खिडकीत शीट नंबर गुणिले १०० असा पर्याय आहे. पहिल्या शीटवर आर१०१ पासून, दुसऱ्यावर आर२०१ पासून. आर२१४ म्हटलं की कोणतं पान उघडायचं ते लगेच कळतं. एका शीटवर शंभराच्या वर रेझिस्टर असतील तर गुणिले १००० घे.

मल्टिमीटर_बीप
स्क्रिप्टचा नाद सोड रे बाबा. साधं शोधा-बदला केलंस तर आर१ बदलताना आर१० आर११ पण सापडतात, आणि आर१ चा आर२ करून मग आर२ चा आर३ करायला गेलास की दोन्ही आर३. एकच शीट दोनदा वापरली असेल, समजा डावं आणि उजवं चॅनल, तर फाइलमधे सिंबॉल एकदाच असतो आणि त्याचे नंबर दोन असतात, ते वेगळे नोंदवलेले असतात. शिवाय एलएम३२४ सारख्या आयसीत चार ऑपअँप (अ‍ॅम्प्लिफायर), चौघांचं नाव एकच यू३, पुढे ए बी सी डी. स्क्रिप्टने प्रत्येकाला वेगळा पार्ट मोजला तर बीओएममधे (पार्टच्या यादीत) एकाच्या चार आयसी!

हेच सगळं पुसून परत दिलं तरी बघायला लागतं बरं का, कारण कोणता ऑपअँप कोणत्या आयसीत जाणार हे टूल आपल्या क्रमाने ठरवतं, तू लेआउटमधे एकाच आयसीतले धरलेले दोन ऑपअँप वेगवेगळ्या आयसीत जाऊ शकतात.

कोल्डजॉइंट
मला थोडं वेगळं वाटतं. रिपेअर करणारा स्किमॅटिक नंतर बघतो, आधी बोर्डावर आर४७ कुठंय ते शोधत बसतो. त्यासाठी पीसीबी एडिटरमधे जागेप्रमाणे परत नंबर द्यायची सोय आहे, तिथून मग स्किमॅटिक अपडेट करायचं. पण हे पहिला बोर्ड बनवायला जायच्या आधी एकदाच. बोर्ड आणि बीओएम बाहेर गेले की हात लावायचा नाही.

अजून एक, पुढच्या रिव्हिजनला आर१२ काढून टाकलास तर तो नंबर रिकामाच राहू दे. अ‍ॅनोटेट पहिला मोकळा नंबर शोधतं, म्हणजे नवीन पार्टला नेमका आर१२ देऊन टाकतं आणि मग जुन्या बोर्डावरचा आर१२ वेगळा नव्यावरचा वेगळा. कुठून सुरू करायचं तो आकडा तिथे टाकता येतो, २०० वगैरे टाक.

आर_प्रश्नचिन्ह
ओके, स्क्रिप्ट रद्द. बोर्ड अजून बाहेर गेलेला नाहीये, त्यामुळे ट्रॅक पूर्ण झाले की फाइलची कॉपी ठेवून कोल्डजॉइंट म्हणतो तसं जागेप्रमाणे एकदा करून टाकतो आणि नंतर फ्रीझ. ते हॅश पीडब्ल्यूआर (#PWR) नंबर मधेच एवढे वाढलेत ते पण नीट करायचे का?

सोल्डरधूर
ते पॉवर सिंबॉलचे (सप्लाय, ग्राउंडच्या चिन्हांचे), हॅशने सुरू होणारे बीओएममधे येतच नाहीत. सोडून दे.