पीएफ उशिरा भरल्याचा दंड: अपील करावं की भरून टाकावं?

अंबडचा वर्कशॉपवाला
नाशिकच्या अंबड एमआयडीसीत माझं छोटं प्रेस शॉप आहे. 2022-23 मध्ये एका मोठ्या गिऱ्हाइकाने बिलं चार-चार महिने अडकवली. कामगारांचा पगार मी थांबवला नाही, पण पीएफचं चलन 15 तारखेच्या पुढे गेलं. कधी महिना, कधी दीड महिना. सगळी रक्कम भरून झालीय, पोरांच्या पासबुकात दिसते. आता पीएफ कायद्याच्या कलम 14बी चा उशिराबद्दलचा दंड आणि कलम 7क्यू चं व्याज असा पीएफ ऑफिसचा एकत्र आदेश हातात पडलाय. सुनावणीत बँक स्टेटमेंट, गिऱ्हाइकाचे मेल सगळं दिलं होतं. आदेशात त्याबद्दल एक ओळही नाही, हे फार लागलं. अपील करावं का?

सातपूर, पीएफ-ईएसआयची कामं
दादा, आधी आदेशावरची तारीख बघा. तिथून 60 दिवसांत अपील. सबळ कारण असेल तर ट्रिब्युनल (अशी अपिलं ऐकणारं न्यायाधिकरण) आणखी 60 दिवस देऊ शकतं, त्यापुढे नाही.

मग आदेशासोबतचा दंडाच्या हिशेबाचा तक्ता काढा, खरी गोम तिथेच असते. 15 जून 2024 पासून दंड महिन्याला 1 टक्का झाला, महिन्याचा तुकडाही पूर्ण धरतात. तुमचा उशीर त्याआधीचा, म्हणजे जुना दर: दोन महिन्यांच्या आत वर्षाला 5 टक्के, पुढे 10, 15, आणि सहा महिन्यांनंतर 25. 40,000 चं चलन 45 दिवस उशिरा गेलं तर जुन्या दराने साधारण 247 रुपये होतात, नव्याने 800. एकेक ओळ चलनाच्या तारखेशी ताडून बघा.

सिन्नरकर
'पैसे अडकले होते' एवढ्यावर दंड माफ होईल या भरवशावर राहू नका. 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की हेतू वाईट नव्हता म्हणून दंड टळत नाही. आणि अपिलाआधी 75 टक्के भरावे लागतात असं कुणी म्हणालं तर घाबरू नका. ती अट कलम 7ए च्या, म्हणजे किती पीएफ बाकी आहे ते ठरवणाऱ्या आदेशाला आहे, 14बी ला नाही.

सातपूर, पीएफ-ईएसआयची कामं
बरोबर. पण म्हणणं ऐकून घेतलं आणि आदेशात त्याची दखलच नाही, हा मुद्दा वेगळा आणि वजनदार आहे. अपिलात तोच वर घ्या. नुसत्या 7क्यू वर अपील चालत नाही, तुमचा आदेश एकत्र आहे म्हणून व्याजाचा हिशेबही त्यात मांडता येईल. स्थगितीचा अर्ज मात्र सोबतच द्या. नुसत्या अपिलाने वसुली थांबत नाही, आणि पगाराच्या आठवड्यात करंट खातं गोठलं तर हाल पुन्हा कामगारांचेच.

अंबडचा वर्कशॉपवाला
तक्ता बघितला. मे आणि जून 2022 ला 25 टक्के लावलेत, भरणा दोन महिन्यांच्या आतला आहे! दोन्ही चलनं काढून ठेवलीत. व्याजाचा आकडा बरोबर निघाला तर ते भरून टाकतो. दंडावर मुंबईला अपील करतोय, मुदतीत.