प्रवासाला आणि रोजच्या कामाला एकच सॅक हवी आहे : पाठीला न जाचणारी केबिन सॅक कशी निवडावी?

नमस्कार.

कामानिमित्त मला महिन्यातून दोन-तीनदा विमानाने दोन किंवा तीन दिवसांसाठी जावे लागते आणि एरवी त्याच सॅकमध्ये लॅपटॉप घालून मी ऑफिसला जाते. दोन्हीकडे चालेल अशी एकच सॅक असावी, ती विमानात सोबत नेता यावी आणि तासभर चालल्यावरही मान आखडू नये, एवढीच माझी अपेक्षा आहे. मात्र गेले काही आठवडे शोधाशोध केल्यावर लक्षात आले, की सॅक किती लिटरची आहे आणि तिला किती कप्पे आहेत हे सगळेच सांगतात, पण ती पाठीवर कशी बसते हे क्वचितच कोणी सांगते. म्हणून सविस्तर विचारते आहे.

आधी सध्याच्या सॅकविषयी लिहिते, कारण काय नको हे मला तिनेच नेमके शिकवले. ती ४० लिटरची असून तिच्यात सामान फक्त वरून भरता येते, त्यामुळे तळाशी गेलेला चार्जर काढायचा झाला तर विमानतळावरच्या बाकावर निम्मे कपडे बाहेर मांडावे लागतात. ती रिकामीच १.९ किलो भरते. अनेक विमान कंपन्या केबिनमधल्या सामानाला ७ किलोंचीच मुभा देतात, म्हणजे चौथाईहून अधिक वजन सॅकच खाऊन टाकते. लॅपटॉप आणि चार्जर मिळून दोन किलो धरले, तर बाकी सगळ्या सामानाला जेमतेम तीन किलो उरतात.

खांद्याचे पट्टे दिसायला रुंद आणि गुबगुबीत आहेत, पण ते सरळ कापलेले आहेत, खांद्याच्या वळणाप्रमाणे वळलेले नाहीत. मागच्या प्रवासात मुक्कामी पोहोचल्यावर आरशात पाहिले, तेव्हा दोन्ही खांद्यांवर मानेलगत पट्ट्याच्या आतल्या कडेचा बोटभर लांब लाल वळ उठला होता. पट्ट्याचा मधला जाड भाग, ज्याने खरे तर भार पेलायचा, तो खांद्याला नीट टेकतच नव्हता. त्याच प्रवासात लॅपटॉपचा कोपराही चेपला. त्याचा कप्पा सॅकच्या अगदी तळापर्यंत शिवलेला आहे, त्यामुळे सॅक जमिनीवर टेकवताना दणका थेट लॅपटॉपला बसतो. तळापासून दोन-तीन बोटे वर संपणारा कप्पा असता तर हे नुकसान टळले असते.

मापांचा थोडा हिशेब मी केला आहे. काही कंपन्यांची मर्यादा ५५ × ४० × २० सेंटिमीटर आहे, तर काहींची ५५ × ३५ × २५. दोन्हीकडे चालायला हवी असेल, तर ५५ × ३५ × २० हेच माप धरावे लागते. चौकोनी खोक्याच्या हिशेबाने ते साडेअडतीस लिटर होते, परंतु गोलसर कोपरे आणि पाठीची गादी वजा केल्यावर प्रत्यक्षात ३० ते ३५ लिटरच हाती लागतील असे वाटते. शिवाय हे माप भरलेल्या सॅकचे असते. पुढचा कप्पा फुगला की २० सेंटिमीटरचे २५ व्हायला वेळ लागत नाही.

माझी खरी अडचण पाठीच्या लांबीची आहे. मान पुढे झुकवल्यावर तिच्या बुडाशी जो मणका हाताला ठळक लागतो, तिथपासून कमरेच्या दोन्ही हाडांच्या वरच्या कडा जोडणाऱ्या रेषेपर्यंत माझी पाठ ४२ सेंटिमीटर भरते. उंची १५७ सेंटिमीटर आहे. अशा पाठीवर ५५ सेंटिमीटर उंचीची सॅक घेतली की तिचा कमरपट्टा कमरेच्या हाडावर न बसता त्याखाली घसरतो आणि सगळा भार पुन्हा खांद्यांवरच येतो.

म्हणून विचारायचे आहे ते असे : जास्तीत जास्त सात किलो वजनासाठी कमरपट्टा असलेली, पण त्यामुळे जड झालेली सॅक घ्यावी, की पट्ट्याचा नाद सोडून हलकी सॅक घ्यावी? आणि कापड किती जाड असले म्हणजे ते रोजच्या वापरात पाच-सहा वर्षे टिकेल?

प्रतिसाद १

मी दोन्ही प्रकारच्या सॅक वापरल्या आहेत. कमरपट्ट्याचा खरा उपयोग सॅकच्या पाठीत कडक पत्रा किंवा दांडी असेल तरच होतो, कारण खांद्यांवरचा भार त्या आधारानेच कमरेवर उतरतो. मऊ पाठीच्या सॅकला लावलेली अरुंद पट्टी सॅकला हलू देत नाही, याहून अधिक काही करत नाही. सात किलोंच्या आत तुम्हाला आधी चांगल्या वळणाचे पट्टे आणि छातीवरचा आडवा पट्टा मिळाला, तरी मानेलगतचा वळ बहुधा जाईल.

सॅक रिकामी असताना पाठीवर घेऊन पाहू नका. तिच्यात सहा किलो वजन घाला, सगळे पट्टे सैल करा, कमरपट्टा असेल तर तो प्रथम हाडावर बसवून आवळा, मग खांद्याचे पट्टे ओढा आणि शेवटी छातीवरचा पट्टा लावा. त्यानंतर वीस मिनिटे चाला. पहिल्या दोन मिनिटांत प्रत्येक सॅक आरामशीर वाटते. भरताना जड वस्तू पाठीला चिकटून, खांद्याच्या पात्यांच्या उंचीवर ठेवा. याच कारणाने लॅपटॉपचा कप्पा पुढच्या बाजूला असलेली सॅक मी घेणार नाही, कारण ती सतत मागे ओढते.

प्रतिसाद २

कापडाविषयी. डेनिअर म्हणजे ९००० मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन. आकडा वाढला की कापड जाड होते आणि सॅकही जड होते. तुमच्या वापराला २१० ते ४२० डेनिअरचे चांगले नायलॉन पुरेल. माझ्या अनुभवात कापड फाटण्याआधी पट्ट्याच्या मुळाची शिवण उसवते किंवा चेन बिघडते, म्हणून पट्टा जिथे सॅकला जोडलेला आहे तिथे आडव्या-तिरप्या दुहेरी शिवणी आहेत का ते पाहा आणि सॅक गच्च भरून कोपऱ्यावरून चेन फिरवून बघा.

आणखी एक. पॉवर बँक चेक-इन सामानात चालत नाही. विमानाच्या दारापाशी ऐनवेळी सॅक खाली पाठवायला सांगितली, तर ती काढून जवळ ठेवावी लागते, म्हणून तिच्यासाठी वरच्या बाजूला चटकन उघडणारा कप्पा हवाच.

धागाकर्तीचे उत्तर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. काल संध्याकाळी जुन्या सॅकमध्ये पुस्तके भरून सहा किलो केले आणि टेप घेऊन बसले. खांद्याचे पट्टे जिथे सुरू होतात तिथपासून कमरपट्ट्याच्या मध्यापर्यंत ५० सेंटिमीटर भरले, म्हणजे माझ्या पाठीपेक्षा तब्बल ८ सेंटिमीटर जास्त. इतकी वर्षे मी पट्टे आवळून जी चूक दुरुस्त करू पाहत होते, ती आवळून सुटणारी नव्हतीच.

आता साधारण ३० लिटरची, सव्वा किलोच्या आतली, पुस्तकासारखी पूर्ण उघडणारी आणि कमरपट्टा नसलेली सॅक शोधते आहे. एकच शंका उरली आहे. काही सॅकमध्ये पाठीची लांबी कमी-जास्त करण्याची सोय असते, पण त्याने वजन वाढते. कोणी कमी उंचीच्या व्यक्तीने अशी सॅक ३५ लिटरच्या आतल्या मापात रोज वापरली असेल, तर ते जास्तीचे वजन सार्थकी लागले का, हे कृपया सांगावे.