मागचा एक्सल पुन्हा तुटला, हबच बदलू का?

मंडळी, जाणकारांचा सल्ला हवाय.

माझी हायब्रीड सायकल आहे. मागे सात गियरचं, हबच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याच्या) आट्यांवर बसणारं फ्रीव्हील (गियरच्या चकत्यांचा गठ्ठा) आणि क्विक रिलीज, म्हणजे पोकळ एक्सलमधून (चाकाच्या आसातून) जाणारा, खटक्याने आवळायचा दांडा. माझं वजन नव्वदीच्या वर, शिवाय कॅरियरला बॅगा. फेरी बहुतेक साताऱ्याहून यवतेश्वर घाटात, म्हणजे रस्त्याबद्दल वेगळं सांगायला नको.

अलीकडे मागचं चाक ब्रेकला एका बाजूने घासायला लागलं. रिम आउट असेल म्हणून आरे आवळून घेतले, फरक शून्य. पंक्चरसाठी चाक काढलं, क्विक रिलीजचा दांडा ओढला, तर एक्सल दोन तुकड्यांत हातात! गेल्या पावसाळ्यातही नेमका इथेच तुटला होता, फ्रीव्हीलच्या बाजूच्या कोनपाशी (एक्सलवरचा, छर्रे ज्यावर फिरतात तो निमुळता नट). कोनवर खड्डे पडलेत, हबमधली छऱ्यांची वाटी मात्र गुळगुळीत आहे.

दुकानदार म्हणतो, "वजन जास्त आहे साहेब, नवा एक्सल टाकू." तो पुन्हा तुटणार नाही कशावरून? आणि उतारावर तुटला तर चाक निसटतं का?

प्रतिसाद १
शक्यतो लगेच निसटत नाही. दांडा दोन्ही तुकडे आवळून धरतो, म्हणून तर तुम्हाला पत्ता लागला नाही. पण त्या भरवशावर घाट उतरू नका, सगळा भार त्या ५ मिमीच्या दांड्यावर येतो.

दुकानदाराचं अर्धंच खरं. या हबमध्ये उजवं बेअरिंग फ्रीव्हीलच्या आतल्या अंगाला, ड्रॉपआउटपासून (एक्सल बसतो त्या फ्रेमच्या खाचेपासून) बरंच लांब असतं. मधला १० मिमीचा पोकळ एक्सल आधाराविना राहतो, दर खड्ड्याला लवतो आणि शेवटी कोनपाशी तुटतो. शिमानोने १९७८ मध्ये आणलेल्या फ्रीहबमध्ये (फ्रीव्हीलची यंत्रणा हबमध्येच असते, त्यावर नुसत्या चकत्यांचं कॅसेट बसतं) हेच बेअरिंग बाहेरच्या टोकाकडे गेलं. ३६ आऱ्यांचं कॅसेट हब घ्या, फ्रेमची रुंदी मोजून (बहुधा १३५ मिमी). आठ-नऊ गियरच्या फ्रीहबवर ४.५ मिमीची रिंग टाकली की सातचं कॅसेट बसतं, शिफ्टर तोच चालतो.

प्रतिसाद २
आधी ड्रॉपआउट समांतर आहेत का ते तपासा. वाकडे असतील तर नवा एक्सलही वाकणारच. जुनंच हब ठेवणार असाल तर कोन आणि छर्रे दोन्ही नवे घाला.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. ड्रॉपआउट तपासून घेतो, तोवर सायकल बंद. साताऱ्यात किंवा पुण्यात नव्या हबवर आरे भरून चाक नीट बांधून देणारं कुणी आहे का?