मदत हवी आहे: हाली सिक्का विकणारे कुठं गायब झाले?

नमस्कार मंडळी, मी परभणीचा. निजामाच्या काळातला हाली सिक्का जमवतो, चारमिनार छापाचा. २०१८ साली ईबे इंडिया बंद झालं तेव्हा बरेच विक्रेते पांगले, ते समजू शकतो. पण दुसऱ्या एका लिलावाच्या साइटवर जालन्याकडचा एक भला माणूस होता. नाण्याच्या काठाची झीज, चारमिनारच्या कमानीतलं अक्षर, सगळं जवळून फोटो काढून दाखवायचा. आता त्याचं पानच दिसत नाही.

कमिशन जड जातं, की बोली जिंकून पैसे न भरणारं गिऱ्हाईक? साइटवरून राज्याबाहेर माल विकायचा तर लहान विक्रेत्यालाही जीएसटी नोंदणी लागते, त्यानं बेजार होतात का? कुणी स्वतः विकणं सोडलं असेल तर खरं कारण सांगा. आणि अशा विक्रेत्याला परत गाठायचं कसं?