मदत हवी आहे: वर उघडणाऱ्या छताची जुनी कॅम्पर व्हॅन घ्यावी का?

मंडळी, मी लातूरचा. बायको, दोन लेकरं अन् माय, असे पाच जण. नळदुर्ग, म्हैसमाळ, पैठण असं फिरताना दरवेळी रात्री लॉज शोधून वैताग आलाय. म्हणून आतच झोपता येईल अशी सेकंडहँड मारुती ईको व्हॅन बघून आलो, 2014 चं मॉडेल. मधलं छत कापून वर उचलायचं फायबरचं झाकण बसवलंय, चहूबाजूंनी कॅनव्हास.

मालकानं छत उचलून दाखवलं खरं, पण छत वर धरून ठेवणारा एका बाजूचा गॅसचा दांडा निकामी झालेला. तिथं चक्क वेळवाची काठी टेकवली! कॅनव्हासच्या घड्यांत काळी बुरशी, आत कुबट वास. मी बादलीभर पाणी वरून ओतायला लावलं, तर मागच्या कोपऱ्यातून टपटप सुरू. तो म्हणतो, "सिलिकॉन मारलं की झालं." (मग इतके दिवस का नाही मारलं, बाबा?)

खरी धास्ती कागदांची. आरसीवर छत बदलल्याची नोंदच नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 अशा बदलांबद्दल कडक आहे, एवढं माहीत आहे. आधीच्या मालकानं केलेला बदल आता माझ्या नावावर नोंदवता येईल का? अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करेल? 2029 ला 15 वर्षं भरतील, तेव्हा फेरनोंदणीला गाडी अडकेल का?

आपल्याकडं ताडपत्री शिवणाऱ्याकडून कुणी असा कॅनव्हास नवा करून घेतलाय का? बायको म्हणते, साधी ईको घ्या अन् सोबत तंबू. मालकाला रविवारी उत्तर द्यायचंय.